टोप्या सजवणाऱ्या बाईंचा नकली मासा जगभर गाजला, त्याचा डोळा मात्र आपल्या रानकोंबड्याचा होता

पनवेलजवळच्या ओवे गावात विचारा नाहीतर कोकणात कुठंही विचारा, गळाला काय लावायचं? उत्तर ठरलेलं. गांडूळ, कोळंबी, नाहीतर कणकेची गोळी. पण मासेमारीचा एक प्रकार असा आहे, ज्यात गळाला खायचं काहीच लावत नाहीत. दोऱ्याने पिसं आणि केस बांधून नकली भक्ष्य तयार करतात आणि मासा त्याला फसतो. याला म्हणतात फ्लाय फिशिंग.

बऱ्याच फ्लाय किड्यांसारख्या दिसतात. पण मोठा मासा छोट्या माशांवरही तुटून पडतो, म्हणून छोट्या माशासारखी लांबट फ्लाय बनवतात. तिला स्ट्रीमर म्हणतात. आजकालच्या मोठ्या स्ट्रीमरमध्ये दोन भाग तारेने जोडतात. मधल्या सांध्यामुळं ती पाण्यात खऱ्या माशासारखी वळवळते. पण हे सांधे येण्याच्या कितीतरी आधी, एकाच लांब गळावर ज्यांनी हुबेहूब मासा उभा केला त्या होत्या कॅरी स्टीव्हन्स.

कॅरी यांचा जन्म १८८२ चा, अमेरिकेच्या मेन राज्यातला. बायकांच्या टोप्या बनवणं आणि सजवणं हा त्यांचा व्यवसाय. साहजिकच पिसं हाताळायची सवय होती. त्यांचे पती वॉलेस हे मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांचे वाटाडे होते. हे जोडपं रेंजली तलावांच्या भागात, अप्पर डॅम इथं राहायचं. १९२० च्या सुमारास शँग व्हीलर नावाच्या मित्राने कॅरी यांना फ्लाय बांधायचा नाद लावला.

१ जुलै १९२४. घरातली कामं बाजूला ठेवून कॅरी यांनी राखाडी पिसांची एक फ्लाय बांधली. तलावातल्या स्मेल्ट नावाच्या छोट्या माशासारखी. ती घेऊन त्या घराजवळच्या धरणावर गेल्या आणि तासाभरात परतल्या. हातात होता ६ पौंड १३ औंसाचा, म्हणजे ३ किलोहून जास्त वजनाचा ब्रुक ट्राउट.

'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत या माशाला दुसरं बक्षीस मिळालं. मासिकात नाव छापून आलं आणि कॅरी यांच्याकडं ऑर्डरी सुरू झाल्या. त्यातून त्यांचा धंदा उभा राहिला.

ती फ्लाय म्हणजेच त्यांची प्रसिद्ध 'ग्रे घोस्ट', असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. पण ते खरं नाही. त्या दिवशीची फ्लाय वेगळी होती. ग्रे घोस्ट आली त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी.

कॅरी यांची पद्धतही वेगळी. फ्लाय बांधताना गळ घट्ट धरायला छोटा शिकंजा वापरतात. कॅरी तो वापरतच नसत, सगळं काम हातावर. शिवाय इतर कारागीर एकेक पीस गळावर बांधायचे. कॅरी एका बाजूची सगळी पिसं आधी एकमेकांना चिकटवायच्या आणि तो तयार पंख गळाच्या कडेला बांधायच्या. त्यामुळं फ्लाय बाजूने पाहिली की सडपातळ मासाच वाटायची.

आता येऊ आपल्याकडं. ग्रे घोस्टमध्ये मोरपिसाचे धागे असतात आणि माशाचा डोळा वाटावा म्हणून रानकोंबड्याच्या मानेचं पीस. त्यावर मेणासारखा चकाकणारा ठिपका असतो. राखी रानकोंबड्याचं घर म्हणजे भारताचं द्वीपकल्प, आपला सह्याद्री त्यातच आला. परदेशातल्या फ्लायसाठी या पिसांना प्रचंड मागणी होती आणि त्याची किंमत पक्ष्याने जीव देऊन मोजली. पुढं भारताने पिसांची निर्यात बंद केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानकोंबड्याची शिकार हा गुन्हा आहे. आता परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं किंवा प्लास्टिकचे डोळे वापरतात.

कॅरी यांनी १९५३ मध्ये धंदा विकला. तोवर शंभरहून जास्त नमुने त्यांच्या नावावर होते. १९७० मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला मेन राज्याने कॅरी स्टीव्हन्स दिवस पाळला आणि अप्पर डॅमला त्यांच्या नावाची पाटी लागली.

ग्रे घोस्ट आजही बांधली जाते. फरक एवढाच, की तिच्या डोळ्यासाठी आता सह्याद्रीतला रानकोंबडा मारावा लागत नाही.