विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी

सर विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी (ऑक्टोबर १८०९, लिमरिक, आयर्लंड – ८ जानेवारी १८८९, साउथसी, इंग्लंड) हे आयरिश वैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि भारतातील तारायंत्राचे आद्य प्रवर्तक होते. गांजाला पाश्चात्त्य वैद्यकात औषध म्हणून स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. गांजाच्या औषधी वापरास कायदेशीर मान्यता असावी की नसावी, या वादात त्यांच्या प्रयोगांचा दाखला आजही दिला जातो.

प्रारंभिक जीवन व पटकीवरील संशोधन

ओ'शॉनेसी यांचा जन्म लिमरिक येथे झाला. त्यांनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८२९ मध्ये पदवी संपादन केली. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा ते रुग्णांच्या रक्ताची रासायनिक तपासणी करण्यासाठी सन्डरलंड परिसरात गेले. पटकीच्या रुग्णाच्या रक्तातील पाणी, क्षार व अल्कली यांचे प्रमाण फार घटते, असे त्यांना आढळून आले. ही उणीव शिरेवाटे भरून काढावी, असे त्यांनी सुचविले. त्यांच्या विवेचनाचा आधार घेऊन टॉमस लॅटा या स्कॉटिश वैद्याने १८३२ मध्ये रुग्णांच्या शिरांत क्षारयुक्त पाणी सोडले. आज सर्वत्र रूढ असलेल्या सलाइन उपचाराचा हा आरंभ मानला जातो. त्यावेळी ओ'शॉनेसी यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

भारतात आगमन

लंडनमध्ये व्यवसायाचा परवाना मिळण्यात अडचणी आल्याने त्यांनी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत प्रवेश केला. १८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजची स्थापना झाल्यावर तेथे ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. महागड्या आयात औषधांऐवजी देशी वनस्पतींचा उपयोग होऊ शकेल काय, हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. त्यातूनच त्यांचे लक्ष गांजाकडे वळले.

गांजाविषयीचे प्रयोग

भांग, गांजा व चरस हे एकाच वनस्पतीपासून मिळणारे तीन पदार्थ होत. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा, तर चरस राळेचा असतो. ओ'शॉनेसी यांनी प्रथम या पदार्थांविषयीची पारंपरिक माहिती गोळा केली. मेडिकल कॉलेजातील पंडित मधुसूदन गुप्त, एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार आणि हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली यांनी संस्कृत, अरबी व फार्सी ग्रंथांतील उल्लेख शोधण्यास व लोकांतील वापराची माहिती मिळविण्यास त्यांना साहाय्य केले. हे ऋण त्यांनी आपल्या निबंधात नावानिशी मान्य केले आहे.

ग्रंथांतील मतांवर विसंबून न राहता त्यांनी आधी कुत्रे व इतर प्राण्यांवर प्रयोग केले. मांसाहारी प्राण्यांवर या द्रव्याचा परिणाम ठळकपणे होतो, तर तृणभक्षक प्राण्यांवर तो अल्प दिसतो, असे त्यांनी नोंदविले. त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी स्वतःवरही हे प्रयोग करून पाहिले. त्यानंतर रुग्णालयात संधिवाताच्या तीन रुग्णांना प्रत्येकी एक ग्रेन राळ देण्यात आली. एका रुग्णाला मोठ्या प्रमाणात गुंगी आली व त्याचे हातपाय ज्या स्थितीत ठेवावेत त्याच स्थितीत राहू लागले. दुसऱ्या एका रुग्णावर मात्र काहीच परिणाम झाला नाही. चौकशी करता तो गांजा ओढण्याच्या सवयीचा असल्याचे उघड झाले. या अनुभवानंतर त्यांनी मात्रा निम्म्यावर आणली.

पुढे धनुर्वात, पटकी, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यामुळे होणारा जलसंत्रास आणि बालकांच्या आकड्या यांवरही त्यांनी गांजाचा अर्क वापरला. जलसंत्रासाचा रुग्ण वाचला नाही. परंतु त्याच्या वेदना कमी झाल्या व शेवटच्या काळात त्याला संत्र्याचा रस घेता आला. सुमारे चाळीस दिवसांच्या एका बालिकेच्या आकड्या या औषधाने थांबल्या, अशी त्यांची नोंद आहे. गांजा रोग समूळ नाहीसा करतो, असा दावा त्यांनी केला नाही. वेदना व आचके शमविणे हा त्याचा मुख्य गुण असल्याचे त्यांनी मांडले. सततच्या सेवनाने येणाऱ्या भ्रमाचे वर्णनही त्यांनी त्याच निबंधात केले. हा निबंध १८३९ मध्ये कलकत्त्यातील वैद्यक परिषदेपुढे वाचला गेला व एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

इंग्लंडमध्ये प्रसार

रजेवर इंग्लंडला जाताना त्यांनी गांजाचा साठा बरोबर नेला. लंडनमधील औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनी त्यापासून अर्क तयार केला. १८४२ मध्ये ओ'शॉनेसी यांचा 'बेंगॉल डिस्पेन्सेटरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८४३ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात गांजाचा अर्क युरोप-अमेरिकेतील अनेक औषधालयांत मिळू लागला. अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत त्याचा १८५० मध्ये समावेश झाला.

तारायंत्र व उत्तरायुष्य

विजेवर संदेश पाठविण्याचे प्रयोग त्यांनी १८३९ मध्येच कलकत्त्यात केले होते. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची वाट सुरू झाली. १८५२ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या काळात ते तार खात्याचे अधीक्षक झाले. मार्च १८५४ मध्ये आग्रा व कलकत्ता तारेने जोडले गेले आणि सेंधव्याच्या घाटातून मुंबईपर्यंतही तार आली. १८५६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८६० मध्ये त्यांनी भारत सोडला व १८६१ मध्ये आपले नाव बदलून विल्यम ओ'शॉनेसी ब्रूक असे केले. ८ जानेवारी १८८९ रोजी साउथसी येथे त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरचा वाद

त्यांच्या निधनानंतर चारच वर्षांनी गांजाच्या दुष्परिणामांचा प्रश्न ब्रिटिश संसदेत उपस्थित झाला व १८९३ मध्ये भारतीय गांजा आयोग नेमण्यात आला. सात सदस्यांच्या या आयोगाने ११९३ साक्षी नोंदवून १८९४ मध्ये अहवाल दिला. मर्यादित सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिसेवन घातक ठरते. म्हणून सरसकट बंदीऐवजी कर व परवान्याद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता.

औषध म्हणून मात्र गांजा मागे पडला. प्रत्येक साठ्याची तीव्रता वेगळी असल्याने मात्रा निश्चित करता येत नव्हती आणि अर्क पाण्यात विरघळत नसल्याने तो सुईवाटे देता येत नव्हता. ब्रिटिश औषधसूचीतून तो १९३२ मध्ये, तर अमेरिकन सूचीतून १९४२ मध्ये वगळला गेला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याचा कडक नियंत्रणाखालील द्रव्यांत समावेश झाला. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आली. फुलोरा नसलेली पाने व बिया व्याख्येबाहेर राहिल्याने भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. औषधी व वैज्ञानिक वापराची वाट मात्र परवान्यापुरती खुली ठेवण्यात आली.

१९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेकूलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी गांजातील मुख्य मादक घटक वेगळा केला आणि संशोधनाला पुन्हा गती मिळाली. २०१८ मध्ये अमेरिकेत या वनस्पतीतील कॅनाबिडिऑल या घटकापासून बनविलेले औषध बालवयातील दुर्धर अपस्माराच्या दोन प्रकारांसाठी मान्य झाले. त्याच वर्षी कॅनडाने मनोरंजनार्थ वापरही कायदेशीर केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वाधिक कडक यादीतून वगळले, तेव्हा भारताने या प्रस्तावाच्या बाजूने मत दिले.

मूल्यमापन

गांजाच्या मनोरंजनार्थ वापराला मान्यता द्यावी, असे प्रतिपादन ओ'शॉनेसी यांनी केले नव्हते. त्यांचे काम औषधापुरते होते. त्यामुळे संपूर्ण मुक्ततेचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचे नाव घेणे यथार्थ ठरत नाही. केवळ मादक म्हणून या वनस्पतीचा औषधी विचारच टाळावा, या भूमिकेलाही त्यांच्या नोंदी आधार देत नाहीत. मात्रा मोजणे, सवयीच्या व नवख्या रुग्णांतील फरक ओळखणे आणि अपयशही नोंदविणे ही त्यांची कार्यपद्धती होती. औषधी वापराची आजची चर्चाही मात्रा, शुद्धता व पुरावा याच प्रश्नांपाशी येऊन थांबते.