पदवीच्या पुढची वाट : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

आपल्या लष्करात, नयाबाजारच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांतून, संगीताची पदवी घेतलेला एखादा मुलगा वा मुलगी हटकून आढळते. १९१८ साली स्थापन झालेले माधव संगीत महाविद्यालय व २००८ सालचे राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ ही या नगरीची भूषणेच होत. परंतु पदवीचा कागद घरी आला की वडीलधाऱ्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? हा प्रश्न विद्यार्थ्याच्या आधी स्वतःच ज्यांनी मनावर घेतला, त्या कै. विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र म्हणूनच पुन्हा आठवावेसे वाटते.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडचा. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी शोभेच्या दारूने डोळ्यांस इजा झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी मिरजेस त्यांची तालीम झाली. त्या काळी गवयाचे पोट राजाच्या मर्जीवर चाले. १८९६ मध्ये तो आश्रय सोडून ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले.

तेथील उपदेशक वर्ग हीच त्यांची खरी कर्तबगारी. या वर्गातील मुलांची राहण्याजेवणाची सोय विद्यालयच करी. मुले स्वतः शिकत आणि खालच्या वर्गांना शिकवीतही. केवळ गळा तयार करून भागत नाही. वर्ग चालविणे, वाद्ये नीट राखणे, सभेत नीटनेटके बसणे, हेही शिक्षणच होय, अशी त्यांची धारणा होती. जबाबदारी टाकण्यासही ते कचरत नसत. १९१६ साली लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी ओंकारनाथ ठाकुरांवर सोपविले, तेव्हा ओंकारनाथांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते!

तथापि, व्यवहाराने खुद्द गुरूंना चकविले. मुंबईत १९०८ पासून विद्यालय चालत होते. त्यासाठी कर्ज काढून त्यांनी सँडहर्स्ट रोडवर इमारत उभारली. जलसे करकरूनही ते ऋण फिटेना. अखेर १९२४ साली वास्तूचा लिलाव झाला. पुढे नाशिकास रामनामात त्यांनी मन रमविले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण शिष्य उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. विनायकबुवा पटवर्धनांनी काही वर्षे गंधर्व नाटक मंडळीत काढली आणि १९३२ साली पुण्यास विद्यालय काढले. नारायणराव व शंकरराव या व्यासबंधूंनी दादरला शाळा चालविली. ओंकारनाथांनी पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन उभे केले. यांपैकी कोणाही एकाला दरबारची नेमणूक वाट पाहत नव्हती.

पालकांनी यातून एवढेच घ्यावे. मुलाने पदवी घेईपर्यंत थांबू नये. शिकत असतानाच त्याला धाकट्यांचा एखादा वर्ग घेऊ द्यावा, तंबोऱ्याच्या तारा स्वतः चढवू द्याव्यात, फीचा आणि खर्चाचा हिशेब त्याच्याच हाताने लिहवून घ्यावा. शेवटची गोष्ट विशेष अगत्याने करावी. कारण एवढ्या थोर गुरूलाही तीच महाग पडली.