शनिवारवाड्याच्या दरबाराचे चित्र विलायतेत कसे छापले गेले? जाणून घ्या चार्ल्स मॅलेटची कहाणी

शनिवारवाड्यात फिरताना आज फक्त जोती आणि कारंजी दिसतात. १८२८च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. मग गणेश रंगमहालात दरबार भरायचा तेव्हा तो कसा दिसत होता, हे कळणार कसे? त्याचे एक उत्तर १८०७ मध्ये लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात आहे. जुन्या एनग्रेव्हिंगचे संग्राहक आजही हे चित्र शोधतात. त्यात बसलेला इंग्रज म्हणजे सर चार्ल्स वॉर मॅलेट.

कोण होता मॅलेट?

जन्म १७५२चा. अठराव्या वर्षाच्या आसपास ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लागला आणि बरीच वर्षे खंबायतला राहिला. मार्च १७८६ मध्ये तो कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. समोर होते नाना फडणवीस. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी उभी राहिली. हेच पाणी पुढे शिरूर-दौंडच्या हद्दीवर रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते.

१७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांचा तह झाला. मॅलेटच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी कामगिरी. १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला.

चित्रांचा नाद कसा लागला?

राजकारणाइतकीच त्याला जुन्या वास्तूंची ओढ होती. वेरूळच्या लेण्यांवर त्याने लेख लिहिला. १७९२ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव आणि नानांची चित्रे काढली. मॅलेटची सहचारिणी अंबर कौर हिचेही त्याने चित्र काढले. शनिवारवाड्यात स्थानिक कलाकारांना विलायती पद्धतीचे धडे मिळू लागले.

त्यातला सर्वांत गुणी हात गंगाराम तांबट यांचा. मॅलेटसाठी त्यांनी वेरूळची लेणी, माणसे आणि प्राणी रेखाटले.

चित्र पूर्ण कोणी केले?

तहाच्या दरबाराचे मोठे चित्र वेल्सला करायचे होते. पण १७९५ मध्ये तो वारला. त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. १७९७ मध्ये मॅलेटने पुणे सोडले. इंग्लंडला परतल्यावर त्याने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी १७९९ मध्ये लग्न केले. वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने ते चित्र १८०५ मध्ये पूर्ण केले. दोन वर्षांनी चार्ल्स टर्नरने त्याचे एनग्रेव्हिंग केले आणि पुण्याचा दरबार विलायतेतल्या घरांच्या भिंतींवर पोहोचला.

स्वतः मॅलेटने १८०३ मध्ये विल्टशायरमधील विल्बरी हाउस विकत घेतले. गंमत म्हणजे या घराची चित्रे कॉलिन कॅम्पबेलच्या १७१५च्या ग्रंथात आधीच छापली गेली होती. इंग्रजी गढ्यांच्या एनग्रेव्हिंगचा संग्रह करणारे आजही तो ग्रंथ महत्त्वाचा मानतात. मॅलेट १८१५ मध्ये वारला.

गंगाराम कुठे राहिले?

१८०३ मध्ये वेरूळची २४ चित्रे पुस्तकरूपाने छापली गेली. शीर्षकपानावर वेल्स आणि डॅनियल यांची नावे आहेत. तांब्याच्या पत्र्यावरच कोरलेल्या त्या पुस्तकाच्या शीर्षकावर तांबटांचे नाव मात्र नाही. त्यांची रेखाटने दीडशेहून अधिक वर्षे अभ्यासकांपुरतीही फारशी माहीत नव्हती. आपला वाडा आणि आपली लेणी त्या काळी कशी दिसत होती, हे आज पाहायचे तर अनेकदा परदेशातले संग्रह धुंडाळावे लागतात.

आज काय कुठे आहे?

• दरबाराचे मूळ तैलचित्र : टेट संग्रह, लंडन
• वेल्सने काढलेले सवाई माधवराव व नानांचे चित्र : रॉयल एशियाटिक सोसायटी, लंडन
• गंगाराम तांबट यांची रेखाटने : येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट, अमेरिका

जुने एनग्रेव्हिंग विकत घेताना काय पाहाल?

कागदावर पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसा आहे का, ते पाहा. भिंगातून एकसारखे ठिपके ओळीने दिसले, तर ती अलीकडच्या ऑफसेट छपाईची प्रत समजा. कडा कापलेल्या असतील तर ठसा दिसणार नाही, तेव्हा घाई न करता जाणकाराला दाखवूनच पैसे मोजा.