थिओडोर बोवेरी : एका तर्काचे आयुष्य

कलाशाखेच्या वार्षिकात जीवशास्त्रज्ञाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. मला मात्र थिओडोर बोवेरी आपल्यातलेच वाटतात. १८६२ साली जर्मनीतील बाम्बेर्ग येथे जन्मलेले बोवेरी म्युनिक विद्यापीठात गेले ते इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकायला. पुढे त्यांचे मन शरीररचनाशास्त्राकडे ओढले गेले. विषय बदलला, पण मुळाशी जाऊन प्रश्न विचारण्याची तत्त्वज्ञाची खोड सुटली नाही.

१८९३ मध्ये ते वुर्त्सबुर्ग येथे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८९७ मध्ये मार्सेला ओग्रेडी या अमेरिकन प्राध्यापिकेशी त्यांचा विवाह झाला. संशोधनातही ती त्यांची सहधर्मचारिणी होती.

सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यांवर त्यांनी प्रयोग केले. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, की पेशीविभाजनात गुणसूत्रांची वाटणी विषम होते आणि बहुतेक गर्भ बिघडतात. यावरून १९०२ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की प्रत्येक गुणसूत्राचे कार्य निराळे असते आणि सुदृढ वाढीसाठी पूर्ण संच लागतो.

येथून त्यांची दृष्टी कर्करोगाकडे वळली. एका पेशीतील गुणसूत्रांची घडी विस्कटली, तर तीच पेशी बेबंद वाढू लागत असेल काय? १९१४ मध्ये त्यांनी हा विचार पुस्तकरूपाने मांडला. ते वैद्य नव्हते. रुग्ण त्यांनी तपासले नव्हते. आपण तर्क करीत आहोत, हे त्यांनी लपवले नाही. प्रकृती खालावल्यामुळे बर्लिनच्या नव्या जीवशास्त्र संस्थेचे संचालकपद त्यांना आधीच नाकारावे लागले होते. १९१५ च्या ऑक्टोबरात, महायुद्धाच्या धामधुमीत, ते गेले. १९२९ मध्ये मार्सेलाबाईंनी त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

तर्काला भक्कम पुरावा मिळाला तो रक्ताच्या कर्करोगात. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील नॉवेल व हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या रक्तकर्करोगात नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी उलगडा केला, की ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे अदलाबदल केलेले असतात.

गोष्ट तेथेही थांबली नाही. जनुकाचा संदेश पेशीत उतरवला जातो, तेव्हा त्यातील अनावश्यक भाग कापून उरलेले सांधावे लागतात, हे १९७७ मध्ये समजले. छापखान्यात मजकुरातील फालतू ओळी काढून उरलेल्या जुळवाव्यात, तसेच हे काम. २०११ मध्ये दिसून आले, की अस्थिमज्जेच्या काही विकारांत ही कापाकापी करणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांतच बदल झालेले असतात. एसएफ३बी१ हे त्यांतले एक. जुळारीच चुकू लागला, की एक नव्हे, अनेक संदेश बिघडतात. यातील काही विकार पुढे रक्ताच्या कर्करोगात परिणत होतात.

एवढा सूक्ष्म दोष बोवेरींच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्य नव्हते. त्यांचा प्रत्येक तपशील खरा ठरला, असेही नाही. पण रोगाचे मूळ पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात शोधावे, ही दिशा त्यांची होती. आपल्याला पुरावा मिळणार नाही, पण पुढच्यांना शोधता येईल, अशा रीतीने प्रश्न मांडून ठेवणे हेही विद्वत्तेचे काम आहे. इतिहास-तत्त्वज्ञान शिकणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना बोवेरींकडून घ्यावा असा धडा मला हाच वाटतो.