न दिसणाऱ्या वाटेचा यात्रिक : संत गोन्सालो गार्सिया



जुन्नरच्या नाणेघाटात पावसाळ्यात उभे राहिले की खालचे कोकण धुक्यात हरवलेले असते. सातवाहन काळी व्यापारी हाच घाट उतरून कल्याण व सोपारा बंदरांकडे जात. सोपाऱ्याच्या शेजारच्या वसईत भारताचा पहिला संत जन्मला. पुढची वाट दिसत नसताना देवावर विसंबून चालणे म्हणजे काय, हे त्याच्या जीवनातून आपण समजून घेऊ या.

गोन्सालो यांचा जन्म वसई येथे सुमारे १५५६ साली झाला. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून सुमारे आठ वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा होती. परंतु तो त्यांना मिळाला नाही.

ज्या कार्यासाठी घरदार सोडले, त्याचेच दार बंद झाले. देवाने आपल्याला बोलावले आणि मग आपली वाट का अडवली, हा प्रश्न अशा वेळी कोणाच्याही मनात उभा राहील. गोन्सालो यांनी व्यापार पत्करला, त्यात यशही मिळवले. पण त्यांचे मन त्यात रमले नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात सामील झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत. साधे ब्रदर राहिले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना राजदूत म्हणून जपानला पाठवण्यात आले, तेव्हा दुभाषाची गरज भासली. अपयशी वाटलेल्या त्या आठ वर्षांत शिकलेली भाषाच आता उपयोगी पडली. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्यासमोर गोन्सालो यांनी संघाची बाजू मांडली. क्योतो येथे चर्च उभे राहिले, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा सुरू झाली.

परंतु १५९६ च्या अखेरीस राजाज्ञा फिरली. एकूण सव्वीस ख्रिस्ती जणांना कैद करून, त्यांतील बहुतेकांचे कान छाटून, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सव्वीस रक्तसाक्षींना संतपद बहाल केले.

मरताना गोन्सालो यांना आपल्या श्रमांचे फळ दिसले नाही. दिसत होता तो सारे काही उद्ध्वस्त झाल्याचा देखावा. पुढे १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. तरीही १८६५ साली नागासाकीत याच रक्तसाक्षींच्या नावाने बांधलेल्या चर्चमध्ये काही गावकरी आले व आपण ख्रिस्ती असल्याचे त्यांनी धर्मगुरूंना सांगितले. दोन शतकांहून अधिक काळ, धर्मगुरूंवाचून, त्यांच्या घराण्यांनी श्रद्धा गुप्तपणे जपली होती.

आंबेगावचा शेतकरी मातीआड गेलेले बी दिसत नाही म्हणून शेत सोडून जात नाही. आपल्याही जीवनात नोकरी हुकते, आजार हटत नाही, प्रार्थनेला उत्तर मिळत नाही. अशा वेळी बंद दाराकडेच न पाहता हाती असलेली सेवा निष्ठेने करू या. फळ केव्हा द्यायचे ते प्रभू जाणतो.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.