महासंगणकाचे जनक सेमूर क्रे

महासंगणक म्हटले की आपल्याला पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम’ आठवतो. या अंकात आम्ही त्याच्या आधीच्या पिढीतल्या एका अभियंत्याची ओळख करून देत आहोत.

सेमूर क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील चिपेवा फॉल्स या लहानशा गावी झाला. मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकी व गणिताचे शिक्षण घेतले. १९६४ साली त्यांचा ‘सीडीसी ६६००’ जगातील सर्वांत वेगवान संगणक ठरला. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ मध्ये पहिला ‘क्रे-१’ लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत पोहोचला. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाशसुद्धा जेमतेम एक फूट जातो. म्हणून तारा आखूड राहाव्यात यासाठी क्रे यांनी यंत्र इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे गोलाकार केले. भोवती बसायला गादीचे बाकही होते!

त्यांच्याच कंपनीत स्टीव्ह चेन यांनी १९८२ मध्ये ‘एक्स-एमपी’त दोन प्रोसेसरना एकच सामायिक मेमरी दिली. क्रे यांच्या १९८५ च्या ‘क्रे-२’मध्ये असे चार प्रोसेसर होते. याचा फायदा काय? समजा, चार मुले एकाच फळ्यावर एक मोठे गणित सोडवीत आहेत. एकाने लिहिलेले उत्तर बाकीच्यांना लगेच दिसते. तीच मुले चार खोल्यांत आपापल्या वह्या घेऊन बसली, तर सारख्या चिठ्ठ्या पाठवाव्या लागतील. हवामानाच्या गणितात प्रत्येक ठिकाणचा वारा शेजारच्या वाऱ्यावर अवलंबून असतो, तेथे फळा फार सोयीचा. शास्त्रज्ञाला आकडे वाटत बसावे लागत नाही, प्रोग्राम लिहिणे सोपे जाते. दिल्लीतही हवामानाच्या अंदाजासाठी १९८९ मध्ये ‘एक्स-एमपी’च आला होता, मात्र एका प्रोसेसरचा.

पण फळ्यापुढे हजार मुले उभी केली तर धक्काबुक्कीच होणार. स्वस्त प्रोसेसर हजारोंनी जोडणारे पुढे गेले. १९९१ चा ‘परम’ही वह्यांच्याच पद्धतीचा. क्रे मात्र थोड्या पण बलवान प्रोसेसरांवर अडून राहिले. आमच्या मते हा हट्ट त्यांना महाग पडला. १९९५ मध्ये त्यांची दुसरी कंपनी दिवाळखोरीत गेली. सत्तरीतल्या या माणसाने पुढच्याच वर्षी आणखी एक कंपनी उभारली. त्याच वर्षी मोटार अपघातात ते जबर जखमी झाले व ५ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या महासंगणकांत हजारो वेगळ्या वह्या असतात, पण प्रत्येक वहीवर अनेक प्रोसेसर मिळून लिहितात. पालकांच्या खिशातल्या मोबाईलमध्येही तसेच चालते.