बॉब मार्ली : झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यातील गायक

१७ एप्रिल १९८० च्या रात्री सॅलिसबरी, म्हणजेच आजच्या हरारे येथील रुफारो मैदानावर झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याचा सोहळा झाला. भारताच्या तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी आणि ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यावेळी उपस्थित होते. या सोहळ्यात गाण्यासाठी जमैकाचे बॉब मार्ली आपले वाद्यवृंद व साहित्य स्वखर्चाने घेऊन आले होते. संगीत ऐकून बाहेरचा जमाव आत शिरू लागला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि कार्यक्रम थांबला. धूर ओसरल्यावर मार्ली पुन्हा गायले. ज्यांना प्रवेश मिळाला नव्हता, त्यांच्यासाठी त्यांनी आणखी एक कार्यक्रम केला.

या निमंत्रणामागे होता त्यांचा १९७९ मध्ये प्रकाशित झालेला ‘सर्व्हायव्हल’ हा अल्बम. त्यातील एक गीत झिम्बाब्वेच्या लढ्यावरच होते.

मार्ली यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकातील नाइन माइल या खेड्यात झाला. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. बालपणीच ते आईसह किंग्स्टनमधील ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत आले. पीटर टॉश व बनी वेलर यांच्यासह त्यांनी ‘द वेलर्स’ हा गट स्थापन केला. १९७३ च्या ‘कॅच अ फायर’ने त्यांना परदेशात ओळख मिळाली. डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टनच्या होप रोडवरील घरी त्यांच्यावर गोळीबार झाला. जखमी असूनही दोनच दिवसांनी ते रंगमंचावर उभे राहिले. नंतर काही काळ त्यांनी लंडनमध्ये वास्तव्य केले.

‘सर्व्हायव्हल’च्या मुखपृष्ठावर आफ्रिकी देशांचे ध्वज आहेत आणि शीर्षकामागे गुलामांना दाटीवाटीने कोंबून नेणाऱ्या जहाजाचा आराखडा. आफ्रिकेची एकजूट हा त्याचा गाभा. रेगेच्या संथ ठेक्याला येथे काही ठिकाणी फंक या अमेरिकी कृष्णवर्णीय नृत्यसंगीताची जोड मिळते. ही जोड केवळ चवीपुरती नसावी. अमेरिकेत मार्लींचा श्रोतृवर्ग मुख्यतः गोऱ्या तरुणांचा होता. ज्यांच्याविषयी ते गात, त्या कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवर त्यांची गीते क्वचितच वाजत, आणि ही खंत त्यांना होती. म्हणूनच ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो नाट्यगृहात सलग कार्यक्रम केले. सप्टेंबर १९८० मध्ये ‘कमोडोर्स’ या फंक गटाच्या कार्यक्रमाआधी गाण्याचेही त्यांनी मान्य केले. जगद्विख्यात गायकाने दुसऱ्याच्या आधी गाणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्या कार्यक्रमांनंतर लगेचच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावत असताना ते कोसळले. १९७७ मध्ये त्यांच्या पायाच्या अंगठ्यात कर्करोग आढळला होता. रास्ताफारी श्रद्धेमुळे त्यांनी अंगठा कापण्यास नकार दिला होता. आता रोग सर्वत्र पसरला होता. २३ सप्टेंबर १९८० रोजी पिट्सबर्ग येथे त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. ११ मे १९८१ रोजी मायामी येथे, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जमैकात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होऊन नाइन माइल येथे त्यांचे दफन करण्यात आले.

१९८४ मध्ये त्यांच्या निवडक गीतांचा ‘लेजंड’ हा संग्रह निघाला. रेगे संगीतात सर्वाधिक खप त्याचाच झाला. त्याच्या मूळ आवृत्तीत ‘सर्व्हायव्हल’मधील एकही गीत नव्हते.